टाकी संपली की संपली!

बंगळुरूत नाचणीची बिअर मिळते! सध्या मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. साताऱ्याच्या बहिणीला फोनवर सांगितलं, पुण्यात शेजारच्या वहिनींना सांगितलं, परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर बसलेल्या काकांनाही सांगितलं. ज्या नाचणीची आपण भाकरी करतो, आंबील करतो, तान्ह्या बाळाला सत्त्व करून भरवतो, त्याच नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून, उकळून आणि आंबवून तिथल्या एका छोट्या ब्रूअरीने बिअर केली होती. रंग गडद तांबूस. वर बोटभर मऊ फेस. ग्लास नाकाशी नेला तर तव्यावर शेकलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास. पहिल्या घोटाला किंचित गोडवा, मग हलका कडवटपणा, आणि गिळून झाल्यावर जिभेवर रेंगाळते ती धान्याची, मातीची चव. ही चव मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. तिची गाठ बिअरच्या ग्लासात पडली आणि मी खुर्चीत ताठ होऊन बसले.

त्या ब्रूअरीचं नाव लिहून उपयोग नाही, कारण ती बिअर आता तिथे नाही. एकच छोटी टाकी केली होती. ती संपली. त्याच नळाला आता दुसरं काहीतरी लागलं असेल, आणि तेही थोड्या दिवसांत संपेल. पुन्हा नाचणीची केली तरी ती हुबेहूब तशी होणार नाही, असं ती करणाऱ्यानेच मला सांगितलं. मला वेड लावलं ते याच गोष्टीनं. बिअर ही कारखान्यातून बाटल्यांत भरून येणारी, बाराही महिने एकाच चवीची वस्तू, अशीच माझी समजूत होती. तिलाही हंगाम असतो, तिचीही वाट बघावी लागते, तीही चुकली तर वर्षभर थांबावं लागतं, हे मला बंगळुरूत कळलं.

माझा भाचा बेळंदूरला नोकरी करतो. लोणची, मुरंबे, कांजी, सांडगे या विषयांवर मी तासन्‌तास बोलते हे त्याला ठाऊक आहे. "मावशी, तुला एक जागा दाखवतो, तुझ्याच विषयातली आहे," म्हणाला आणि मेट्रोत बसवून मला इंदिरानगरला घेऊन गेला. हंड्रेड फीट रोडवर, मेट्रोच्या ६२ नंबरच्या खांबापाशी टॉइट नावाची ब्रूअरी आहे. सिबी वेंकटराजू, अरुण जॉर्ज आणि मुकेश तोलानी या तीन मित्रांनी २०१० मध्ये ती सुरू केली, आणि आज बंगळुरूत बिअरचा विषय निघाला की पहिलं नाव टॉइटचंच निघतं. पुण्यात आणि मुंबईतही त्यांच्या शाखा आहेत. मला मात्र ती मूळच्या जागीच पहिल्यांदा भेटली याचा आनंद आहे. माणसांचा कलकलाट, आणि त्या गर्दीत चकचकीत स्टीलच्या उंचच उंच टाक्या. इथेच करतात, इथेच पाजतात!

अशा ठिकाणी छोट्या छोट्या ग्लासांतून सगळ्या बिअर थोड्या थोड्या चाखायला मिळतात. सॅम्पलर म्हणतात त्याला. नवख्या माणसाने हाच मागवावा. मी एकेक ग्लास उचलत गेले. एकात तांदूळ होता, बासमती ब्लाँड नावाची बिअर. हलकी, स्वच्छ, उन्हातून आल्यावर प्यावी अशी. एक बेल्जियन पद्धतीची गव्हाची, टिनटिन टॉइट. या घराण्याच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात. धणे! आपल्या मिसळणाच्या डब्यातले! मग माहिती काढली तर कळलं, की बेल्जियममधल्या होगार्डन गावात ही पद्धत पार बंद पडली होती. गावातली शेवटची ब्रूअरीही मिटली होती. पियेर सेलिस नावाच्या माणसाने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली, म्हणून आज जगभर धण्याची बिअर प्यायली जाते. एका माणसाच्या हट्टाने एक चव वाचली!

आणि मग आली जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर. वास घेतला तर पिकलेलं केळं, मागोमाग लवंग. मी भाच्याला म्हटलं, केळ्याचं इसेन्स घातलंय. त्याने मान हलवली. केळं नाही, लवंग नाही, काहीच नाही. हा सगळा यीस्टचा उद्योग. त्या जातीचं यीस्ट साखर खाता खाता असे पदार्थ तयार करतं की नाकाला केळ्याचा आणि लवंगेचा वास यावा. मी तो ग्लास कितीतरी वेळ नुसता हुंगत बसले. एक अतिसूक्ष्म जीव गव्हाच्या पाण्यातून केळीची बाग उभी करतो, आणि आपण ते नुसतं गटागट पिऊन टाकायचं?

खरा धक्का पुढेच होता. दुसऱ्या एका ब्रूअरीत भिंतीवरच्या फळ्याच्या अगदी तळाशी खडूने एक ओळ लिहिलेली होती: नाचणी, थोडीच शिल्लक. तिथला ब्रूअर निघाला बेळगावचा. आमचं मराठी कानावर पडल्यावर तो टाक्यांमागून बाहेर आला. "मावशी, आत या की, दाखवतो सगळं," म्हणाला. मी आत गेले, आणि नंतर भाच्याने हाका मारल्या तरी बाहेर येईना.

आत काय वास होता! गरम पाण्यात भिजलेल्या धान्याचा, गोडसर, दाट. बिअरचं पहिलं काम म्हणजे मॅश. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे मॉल्ट, भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायची. मोड येताना धान्यात जी विकरं तयार होतात ती या उबेत स्टार्चची साखर करतात. दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तर साखरेची जात बदलते आणि बिअरचा अंगपिंडही बदलतो. ते गोड पाणी गाळून घ्यायचं, तासभर खळाखळा उकळायचं, त्यात हॉप्सची फुलं घालायची. कडवटपणा हॉप्सचा, लवकर घातले तर जास्त कडू, शेवटी घातले तर जास्त सुवास. मग ते गार करून यीस्ट सोडायचं. एल जातीची बिअर २० अंशांच्या आसपास आठवडाभरात आंबते, लागरला मात्र त्याहून खूप थंडावा आणि कितीतरी आठवडे लागतात. धान्याचा चोथा उरतो तो गुरांना जातो. मी विचारायच्या आत त्याने हे सांगितलं, कारण मी त्या चोथ्याच्या ढिगाकडेच बघत होते.

नाचणी मात्र सहजासहजी वळत नाही. तिचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, म्हणून ती आधी वेगळी शिजवून मग मॅशमध्ये घालावी लागते. दाणा मोहरीएवढा. बार्लीच्या टरफलांची टाकीच्या तळाशी आपोआप गाळणी तयार होते. नाचणीला तसं टरफल नाही, त्यामुळे प्रमाण जास्त झालं की सगळा चिखल होऊन गाळणी तुंबते. एकट्या नाचणीच्या विकरांवर विसंबूनही भागत नाही, बार्लीची मदत घ्यावी लागते. किती नाचणी, किती बार्ली, किती भाजायचं, कुठल्या जातीचं यीस्ट, हे प्रत्येक खेपेला नव्याने ठरवायचं. "मोठ्या टाकीत हे करायला मालक हात लावू देणार नाहीत," तो म्हणाला. "तिथं नेहमीच्या बिअर. लोकांना तीच चव पाहिजे असते, चुकून चालत नाही. ही छोटी टाकी माझी. इथं चुकलं तरी चालतंय." त्या छोट्या टाकीवर त्याने ज्या मायेने हात ठेवला ते बघून मला त्याचं सगळं म्हणणं पटलं. प्रयोग करायचा तर चुकायला जागा लागते. ती जागा म्हणजे ही टाकी.

घरी आल्यावर मी वाचत सुटले. नाचणीची बिअर हा काही बंगळुरूचा शोध नव्हे. सिक्कीम आणि पूर्व नेपाळमध्ये तोंग्बा पितात, ती नाचणीचीच: आंबवलेले दाणे लाकडी किंवा बांबूच्या भांड्यात भरायचे, वरून गरम पाणी ओतायचं आणि नळीने ओढायचं. युगांडातल्या तेसो लोकांची अजोन तीही नाचणीची. मध्ये एक मोठं मडकं आणि भोवती लांबच लांब नळ्या घेऊन बसलेली सगळी मंडळी. नाचणी मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली, आणि आज भारतात सर्वांत जास्त नाचणी कर्नाटकात पिकते. तिथे नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे, ज्यांना मुद्दे म्हणतात, हे रोजचं जेवण. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं तेव्हा आपल्याकडे नाचणीची बिस्किटं आली, नूडल्स आले. बिस्किटांपेक्षा बिअरमध्ये नाचणी जास्त शोभते, हे माझं स्पष्ट मत आहे. बिस्किटात साखर तिला झाकून टाकते. बिअरमध्ये ती बोलते.

आता आंबा. एप्रिल-मे आला की बंगळुरूतल्या कितीतरी ब्रूअऱ्या आंब्याची बिअर करतात. हे ऐकल्यावर मला वाटलं, पन्ह्यासारखं काहीतरी गोड पिवळं असणार. प्रत्यक्षात ग्लासात गोडवा जवळपास नव्हताच! कसा असेल? यीस्टचं खाणंच साखर. आंब्याची सगळी साखर ते फस्त करतं. मागे उरतो तो आंब्याचा वास, कोयीजवळचा आंबटपणा, सालीजवळचा तुरटपणा. साखर काढून घेतलेला आंबा कसा लागतो, हे मी जन्मात पहिल्यांदा अनुभवलं. आपण आंब्याला गोड म्हणून इतकं डोक्यावर घेतलं आहे की गोडव्याखाली एवढं सगळं दडलंय याकडे लक्षच गेलं नव्हतं. डोळे मिटून घोट घेतला तर देठ मोडल्यावर येतो तो चिकाचा वास, पिंपातल्या गवताचा वास, सगळं आलं.

रस केव्हा घालायचा यावर सगळं अवलंबून असतं. उकळताना घातला तर वास वाफेबरोबर उडून जातो आणि पेक्टिनमुळे बिअर कायमची गढूळ होते. म्हणून मुख्य आंबवण आटोपत आली की मग घालायचा, तोही जंतुमुक्त केलेला किंवा गोठवलेला, कारण आंब्याच्या सालीवर रानटी यीस्ट असतं आणि ते आत शिरलं तर टाकी हातची गेली. आंबा कुठला? रामनगर, कोलारकडचा श्रीनिवासपूर हा सगळा आंब्याचा मुलूख बंगळुरूच्या उशाशी. बेळगावकरांचं गणित असं: वासाला रसपुरी, आंबटपणाला तोतापुरी. हापूसचं मी विचारलंच. तिथे त्याला बदामी म्हणतात. "हापूस नुसता खावा, मावशी," एवढंच तो म्हणाला, आणि मला ते फार आवडलं. पाऊस अवेळी झाला, फळ पाणचट निघालं, की त्या वर्षीची बिअरही वेगळी. गेल्या वर्षीची या वर्षी मागून मिळत नाही.

हे सगळं ऐकताना मला सारखं वाटत होतं की हंगामाची बिअर ही काहीतरी नवी चूष असणार. उलटंच निघालं. बिअर मुळात हंगामाचीच होती. बव्हेरियात १५५३ मध्ये असा हुकूम निघाला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायची नाही, कारण उन्हाळ्यात ती नासायची. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरांत साठवायची, ती शरद ऋतूपर्यंत पुरवायची. मेर्त्सेन नावाची बिअर ती हीच; म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टशी पुढे तिचं नातं जुळलं. बेल्जियमच्या वालोनियात शेतकरी थंडीत बिअर करून ठेवत आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या मजुरांना देत, ती सेझोन. जसं पीक, जसं हवामान, तशी बिअर. मग १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने म्युनिकच्या श्पाटेन ब्रूअरीसाठी थंडावा निर्माण करणारं यंत्र बनवलं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल ख्रिस्तियान हान्सेनने शुद्ध यीस्ट वेगळं काढलं. दोन्ही शोध मोठे, त्यांच्याविना आजची बिअर नाहीच. पण त्यांच्यामुळेच बाराही महिने, कुठल्याही गावात, एकसारखी बिअर करणं शक्य झालं आणि हंगाम बिअरमधून उठून गेला.

तो परत आणला छोट्या ब्रूअऱ्यांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने १९७५ पासून दर नाताळाला एक खास एल काढायला सुरुवात केली: दर वर्षी नवी कृती, आणि लेबलवर दर वर्षी नवं झाड! कृती गुप्त. लोक वर्षभर वाट बघायचे. २०२३ मध्ये ती ब्रूअरी बंद पडली, ते वाचून मला न पाहिलेल्या त्या ब्रूअरीसाठी खरोखर वाईट वाटलं.

हंगामाची बिअर बंगळुरूत रुजावी याला कारणं आहेत. सुमारे ९०० मीटर उंचीवरचं हे गाव, हवा मऊ. १८०९ मध्ये इंग्रजांनी इथे छावणी वसवली आणि गोऱ्या सैनिकांबरोबर बिअरही आली. १९१५ मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिणेतल्या पाच ब्रूअऱ्या एकत्र करून युनायटेड ब्रूअरीज उभी केली. पिंपं भरभरून बैलगाड्यांतून पलटणींना बिअर जायची म्हणतात. पुढे विठ्ठल मल्ल्या आले, किंगफिशर आली, आणि देशभर एकच चव पोचली. आज त्या जुन्या ब्रूअरीच्या जागेवर यूबी सिटीचे मनोरे आहेत. आणि त्याच विठ्ठल मल्ल्या रस्त्यावर २०११ मध्ये द बिअर क्लब ही स्वतःची बिअर स्वतः करणारी जागा उघडली. ज्या शहराने देशाला एकसारखी बिअर दिली, त्याच शहरात आता दर महिन्याला चव बदलणाऱ्या टाक्या आहेत. मला यात त्या शहराचा मोठेपणा दिसतो.

त्या टाक्यांमागची माणसंही पाहा. गाइस्टचे नारायण मानेपल्ली अमेरिकेत पोर्टलंडला इंजिनिअर होते, तिथे घरी बिअर करायला शिकले आणि ते वेड घेऊन परतले. आता ओल्ड मद्रास रोडवर त्यांची मोठी ब्रूअरी आहे. गौरव सिक्का मिशिगनला शिकायला गेले, तिथल्या अ‍ॅन आर्बर गावातल्या आर्बर ब्रूइंग कंपनीच्या प्रेमात पडले आणि तेच नाव घेऊन बंगळुरूत मॅग्रथ रोडवर ब्रूअरी काढली. त्यांच्या रेजिंग एलिफंट या आयपीए जातीच्या बिअरचा कडवटपणा मला पहिल्या घोटाला सोसला नाही, तिसऱ्याला सोडवेना. व्हाइटफील्डला विंडमिल्स क्राफ्टवर्क्समध्ये तर बिअरबरोबर जॅझ ऐकायला मिळतं आणि भिंतींवर पुस्तकं रचलेली आहेत. मला तिथून उठवायला भाच्याला बरेच कष्ट पडले.

आणि मुळात हे शहरच हंगाम साजरे करणारं. थंडीत अवरेकाई आली, म्हणजे आपले पावटे, की व्ही. व्ही. पुरमला त्यांचा मेळा भरतो आणि डोशापासून जिलबीपर्यंत सगळं पावट्याचं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत नंदीच्या देवळापाशी कडलेकाई परिषे, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. उन्हाळ्यात लालबागेत आंबे. अशा गावात बिअरला हंगाम नसता तरच नवल.

कॉफीची बिअर थोडक्यात सांगते, कारण ती स्वतःच फार बोलते. कोडगू आणि चिक्कमगळूरु फार लांब नाहीत, त्यामुळे तिथल्या बियांची थंड पाण्यात काढलेली कॉफी काळ्याभोर स्टाउटमध्ये घालतात. भाजलेल्या मॉल्टचा कडवटपणा आणि कॉफीचा कडवटपणा एकमेकांत इतके मिसळतात की कुठला कुणाचा ते ओळखू येत नाही. पावसाळ्यात प्यावी.

सगळेच प्रयोग जमतात असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी हंगामी म्हणून तयार साध्या बिअरमध्ये बाटलीतलं फळांचं सिरप ओतून देतात. ते मला अजिबात मान्य नाही. फळ यीस्टबरोबर राहिलंच नाही, त्याला आंबायला वेळच दिला नाही, तर ती नुसती भेसळ. हंगामी म्हणवणाऱ्या बिअरबद्दल तिथल्या माणसाला विचारावं: फळ केव्हा घातलं? त्याला सांगता आलं तर प्यावी.

एक आंबट बिअर मात्र मनात घर करून बसली आहे. उकळायच्या भांड्यातच आधी दह्यातल्या जीवाणूंच्या जातकुळीतले लॅक्टोबॅसिलस सोडायचे, ४० अंशांच्या आसपास दिवस-दोन दिवस ठेवायचं, छान आंबट झालं की उकळून ते जीवाणू संपवायचे आणि मग पुढे नेहमीसारखं यीस्ट. हॉप्स आधी घालायचे नाहीत, कारण हॉप्स त्या जीवाणूंना वाढू देत नाहीत. ऐकताना माझ्या डोक्यात रात्रभर ताकात भिजणारी आमच्या घरची आंबील होती. जर्मनीतल्या गोस्लार गावची गोझे ही बिअर याच घराण्यातली, आणि तिच्यात मीठ आणि धणे असतात. आंबट, खारट, धण्याची! मी तिथेच म्हटलं, अहो, यात कोकम हवं.

तर ते झालंय! आपल्या पुण्यात! ग्रेट स्टेट एलवर्क्सची सॉल्टेड कोकम ही बिअर आहे. आणि पुणं या प्रकरणात मागून आलेलं नाही. २००९ मध्ये सुकेतू तळेकर, प्रतीक चतुर्वेदी आणि जर्मन ब्रूअर ऑलिव्हर शाउफ यांनी डुलाली पुण्यातच सुरू केली, म्हणजे टॉइटच्याही आधी. हे कळल्यावर मला एवढा अभिमान वाटला की मी बेळगावकरांना फोन करून सांगितलं. त्यांना अर्थातच माहीत होतं.

आता माझं मागणं आपल्याकडच्या ब्रूअरना आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घ्या. आफ्रिकेत ज्वारीची बिअर शतकानुशतकं करतात, आपल्याला का जमू नये? जानेवारीतला हुरडा घ्या. मे महिन्यातली करवंदं, जूनमधली जांभळं, कोकणातला बरका फणस, जो एरवी पडून सडतो, तो घ्या. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर साऱ्यांना सुचते, पण वाईच्या हळदीचं ओलं पान कुणी घालून पाहिलं आहे का? शंभर लिटरची टाकी करा, फळ्यावर खडूने लिहा, आणि संपली की खुशाल पुसून टाका. आम्ही पुढच्या वर्षाची वाट बघू. आम्हाला वाट बघता येते. वर्षभर हापूसची बघतोच की.

आणि वाचकहो, बंगळुरूला गेलात तर एक संध्याकाळ राखून ठेवा. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जा, तेव्हा गर्दी कमी असते आणि ब्रूअरला बोलायला सवड असते. आधी फळ्याची शेवटची ओळ वाचा. सॅम्पलर मागवा, फिकटापासून गडदाकडे जा, घोटाआधी वास घ्या, मध्ये पाणी प्या आणि आवडलं त्याबद्दल प्रश्न विचारा. ही माणसं प्रश्नांना भुकेली असतात. पर्पल लाइनवर इंदिरानगर स्थानक आहे, एम. जी. रोड आहे, व्हाइटफील्डही आहे. गाडी घरी ठेवून मेट्रोने जा.